बदललेल्या घरातली प्रार्थना

परत येणे ही क्रिया मराठीत फार सोपी वाटते. 'गेले' आणि 'आले' या दोन क्रियापदांत ती मावते. पण आपल्यापैकी ज्यांनी दहा-वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अभ्यासाचे पुस्तक हाती घेतले आहे, त्यांना ठाऊक असेल की, ज्या जागेवरून आपण उठून गेलो ती जागा परतल्यावर तशीच मिळत नाही. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला असतो, सोबतचे विद्यार्थी पांगलेले असतात आणि आपल्या बोटांनाही लिहिण्याची सवय उरलेली नसते. शिक्षणाकडे परतणे आणि घराकडे परतणे यांत हे साम्य आहे. या लेखात मी दुसऱ्या परतण्याविषयी लिहिणार आहे. त्या परतण्यात माझ्या ख्रिस्ती श्रद्धेचे काय झाले, तिने मला कोणता आधार दिला आणि कोणता दिला नाही, हे शक्य तितक्या सरळपणे आपल्यापुढे मांडावे, एवढाच हेतू आहे. आपला धर्म कोणताही असो, किंवा आपण कोणताच धर्म मानत नसाल, तरी बदलाशी आपली गाठ पडलेली असणारच. त्या ओळखीच्या भरवशावर मी लिहिते आहे.

माझे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रापासून फार दूर नाही. केळीच्या बागा, पानवेली, मोगरा आणि सोनचाफा यांचा हा प्रदेश. प्रत्येक वाडीत एक विहीर आणि बऱ्याच वाड्यांत एक बावखल असे. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे, काठावर झाडे असलेले डबके. शेताला पाणी द्यायचे आणि जमिनीलाही पाजायचे, असे त्याचे दुहेरी काम. माझे वडील पहाटे तीनला उठून फुलांच्या करंड्या भरत आणि पहिल्या लोकलने दादरला नेत. रविवारी मात्र करंडी उचलायची नाही, हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चर्चच्या डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसत. माझ्या लहानपणीच्या जगाचा नकाशा काढायचा तर विहीर, वाडी आणि तो बाक या तीन खुणा पुरेशा होत्या.

मी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि मस्कतला एका रुग्णालयात नोकरी धरली. सतरा वर्षे तेथे काढली. मी लग्न केले नाही; त्यामुळे माहेर आणि घर असे दोन वेगळे शब्द माझ्या आयुष्यात आलेच नाहीत. घर म्हणजे वसई. तेथे साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे, म्हणून आमची रविवारची उपासना तेथे शुक्रवारी होई. रुवी भागातल्या कॅथलिक चर्चच्या आवारात त्या दिवशी मल्याळम, कोकणी, फिलिपिनो, इंग्रजी असे कितीतरी आवाज एकत्र ऐकू येत. मी इंग्रजी मिस्सेला जात असे. रात्रपाळी संपवून, गणवेशावर ओढणी घेऊन मागच्या रांगेत बसणाऱ्या आम्ही दहा-बारा जणी होतो. श्रद्धा होती, पण ती प्रवासातल्या सामानासारखी, नीट घडी करून ठेवलेली. ती उलगडून बसायची जागा वसईत आहे, असे मन धरून चालले होते.

२०१७ साली वडिलांचे हृदय थकल्याचे निदान झाले. आई पूर्वीच गेली होती. धाकटा भाऊ कॅनडात स्थिरावलेला. मी राजीनामा दिला आणि जून महिन्यात, पहिल्या पावसात, घरी आले.

काय बदलले होते, याची यादी आपण सहज करू शकाल. कारण ती आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराच्या कडेला असलेल्या गावाची यादी आहे. शेजारच्या वाडीत सात मजल्यांची इमारत उभी होती. तिच्यासाठी भराव टाकताना त्या वाडीतले बावखल बुजवले गेले होते. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले होते. केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या. लाल लुगडे नेसणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या होत्या. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा जाऊन २००९ मध्ये महानगरपालिका झाली होती. ठाणे जिल्हा दुभंगून २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला होता. मी ज्या पत्त्यावरून निघाले, तो पत्ताही कागदोपत्री शिल्लक नव्हता.

चर्च तेथेच होते. तिसऱ्या बाकावर मात्र अनोळखी माणसे बसलेली दिसली. केरळ, मंगळूर, झारखंड, तमिळनाडू अशा ठिकाणांहून कामासाठी आलेली कुटुंबे आता आमच्या धर्मग्रामाचा भाग होती. त्यांच्यासाठी इंग्रजीतून एक मिस्सा सुरू झाली होती. मराठी मिस्सेला पिकलेल्या केसांची संख्या अधिक होती. परदेशात असताना मी ज्या गोष्टीला 'आपले' म्हणत होते, त्यात आता मीच पाहुणी होते.

बायबलमध्ये नामी नावाची एक स्त्री आहे. दुष्काळामुळे ती बेथलेहेम सोडून परक्या देशात जाते, तेथे नवरा आणि दोन्ही मुलगे गमावते आणि विधवा सुनेला, रूथला, सोबत घेऊन गावी परतते. गावातल्या बायका तिला नावाने हाक मारतात, तेव्हा ती त्यांना थांबवते. नामी या नावाचा अर्थ गोड, रमणीय असा आहे. मला त्या नावाने हाक मारू नका, मला कडू म्हणा, असे ती त्यांना सांगते. रूथच्या निष्ठेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परतल्यानंतरच्या त्या पहिल्या पावसाळ्यात मला मात्र नामीचाच आधार वाटला. धर्मग्रंथाने तिच्या कडवटपणाला गप्प केलेले नाही, उपदेशही केलेला नाही. तो तिच्या तोंडी तसाच राहू दिला आहे. जपमाळ हातात घेतली की शब्द येत; त्यांच्यामागे मन येत नसे. अशा वेळी आपल्या पवित्र ग्रंथात एक रागावलेली बाई आहे, ही गोष्ट मला प्रार्थनेहून अधिक उपयोगी पडली.

वडिलांची सेवा हे काम मला येत होते. वजन रोज सकाळी पाहायचे, पायांवरची सूज दाबून बघायची, मीठ मोजून द्यायचे, पाणी मोजून द्यायचे, मधुमेहाचे इन्सुलिन वेळेवर टोचायचे. मीठ-पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला ते 'कारकून' म्हणत. संध्याकाळी त्यांना बोलावेसे वाटे आणि ते बोलण्यात कितीतरी जुने काढत. लहानपणी ते वेदीवर धर्मगुरूंना साहाय्य करीत. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. लॅटिनची उत्तरे त्यांनी अर्थ न कळता पाठ केली होती आणि शेवटपर्यंत ती त्यांना मुखोद्गत होती. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. तिने लोकभाषांना उपासनेत स्थान दिले आणि काही वर्षांतच आमच्या चर्चमध्ये मराठी आली. वडिलांची आजी त्यावर रुसली होती. "देवाशी आता घरातल्या भाषेत बोलायचे? काही आदब उरली की नाही?" असे ती म्हणाली होती. वडील तेव्हा विशीत होते.

"आणि तुम्हांला काय वाटले?" मी विचारले.

"मला त्या दिवशी कळले, इतकी वर्षे आपण काय म्हणत होतो ते," ते म्हणाले.

हे ऐकताना मला जाणवले की, ज्याला मी जुने, मूळचे, न बदललेले समजत होते, ती मराठी उपासना माझ्या वडिलांच्या तरुणपणी अगदी नवी होती. कोणाला तरी ती परकी वाटली होती. कोणाच्या तरी घरात तिच्यामुळे जुने काहीतरी हरवले होते.

वाचकहो, त्याच वर्षी मी दूरशिक्षणाच्या बी.ए.ला नाव नोंदवले. रात्री वडिलांच्या खाटेशी बसून अशाच पुस्तिका वाचल्या. त्यांतून मला फादर थॉमस स्टीफन्स भेटले. त्यांचे नाव मी लहानपणापासून ऐकले होते. वाचले मात्र तेव्हा. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. चाळीस वर्षांत तो घरी परतला नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे पुराणश्रवण सुटले होते. त्या रिकाम्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगितली. ज्यांचा जुना आधार सुटला होता, त्यांच्यासाठी त्याने नवी कथा जुन्या लयीत आणली. भाषेच्या अभ्यासक या नात्याने आपण या ग्रंथाचा छंद, त्यातील शब्दकळा, कोकणीचे संस्कार यांचा विचार करालच. मला त्या रात्री त्यात एका परक्या माणसाची परवड आणि तिच्यावर त्याने शोधलेला उपाय दिसला. घर जेथे सापडत नाही, तेथे तो ते भाषेत बांधत होता.

मग मी आमच्या गावाचा इतिहास नव्या नजरेने पाहू लागले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्या सत्तेबरोबर आमचा धर्म आला आणि त्या येण्यात सक्तीच्या, दुःखाच्या गोष्टीही आहेत. त्या झाकून श्रद्धेविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज अंमलदार गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडली आणि आज त्यांपैकी बहुतेक छपराविना उभी आहेत. सत्ता गेल्यावर धर्मही जायला हवा होता. तो शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या, सुतारांच्या घरांत राहिला. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरच्या आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच मानली जाते. मी नाशिकची घंटा पाहिली आहे. ज्या हातांनी ती ओतली आणि ज्या हातांनी ती पुढे टांगली, त्यांचा देव एक नव्हता. तरी ती प्रार्थनेच्याच जागी लटकते आहे. तिच्याकडे पाहून मला हार आठवली नाही आणि जीतही आठवली नाही. एवढेच वाटले की, स्थलांतर करणाऱ्या वस्तूंमध्ये घंटाही आहे.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच घर सोडून पूर्वेकडे गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेल्या २६ हुतात्म्यांपैकी एक झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आमच्या गावचा सर्वांत मोठा माणूस गावी परतलाच नाही. लहानपणी ही कथा शौर्याची वाटे. आता तिच्यातली दुसरी बाजू दिसते: परतणे हे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्याच्या वाट्याला येते त्याने ते हक्क म्हणून मोजू नये.

हे सारे विचार पुस्तकातून आले. त्यांची कसोटी मात्र २०१८ च्या जुलै महिन्यात लागली. त्या आठवड्यात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या अंगणात पाणी पूर्वीही येई आणि बावखलाकडे निघून जाई. त्या वेळी ते निघून गेले नाही. शेजारच्या भरावाला अडून ते मागे फिरले आणि पहाटे घरात शिरले. वीज गेली होती. वडिलांना आडवे झोपता येत नव्हते. उशा लावून बसवून ठेवावे लागे. खाटेच्या पायांना पाणी लागले तेव्हा त्यांना कोठे न्यायचे, हे मला सुचेना. रुग्णवाहिका येण्याजोगा रस्ता नव्हता.

शेजारच्या इमारतीतून एक बाई कमरेएवढ्या पाण्यातून आल्या. सातारकडच्या, दीड-दोन वर्षांपूर्वीच राहायला आलेल्या. त्यांच्याशी माझे तोपर्यंत हसण्यापुरतेच नाते होते; इमारतीवरचा राग मी त्यांच्या कुंपणापर्यंत नेऊन ठेवला होता. "ताई, आजोबांना वर आणा. आमची पोरं उचलतील खुर्चीवरनं," त्या म्हणाल्या. चार तरुणांनी वडिलांना खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर नेले. मी इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या माठाशेजारी ठेवली. देवघरासमोरची खाट त्यांनी मोकळी करून दिली. संध्याकाळी वडिलांनी खिशातून जपमाळ काढली आणि विठोबाच्या तसबिरीकडे पाहत संकोचाने विचारले, "इथे माळ ओढली तर चालेल ना?"

"देवाचंच नाव की आजोबा. घ्या की," त्या म्हणाल्या आणि समईत तेल घालू लागल्या.

ज्या इमारतीच्या भरावामुळे पाणी आमच्या दारात आले, त्याच इमारतीत माझ्या वडिलांना दोन रात्री कोरडी खाट मिळाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. बावखल बुजवणे योग्य नव्हते, हे मी आजही म्हणते. आणि त्या बाईंच्या घरात मला ख्रिस्त भेटला, हेही म्हणते. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचा जो प्रसंग आहे, त्यात परक्याला घरात घेणारे लोक विचारतात की, प्रभू, आम्ही तुला घरात कधी घेतले? त्यांना ते ठाऊकच नसते. मी ती कथा अनेकदा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी स्वतःला दार उघडणाऱ्याच्या जागी ठेवले होते. त्या रात्री मी दाराबाहेरची परकी होते. समईच्या उजेडात वडील मंद आवाजात जपमाळेची प्रार्थना म्हणत होते. कितीतरी महिन्यांनी माझ्या शब्दांमागे मन आले.

दिलासा म्हणजे काय, हे सांगताना आपण बहुधा निवाऱ्याची प्रतिमा वापरतो. देव म्हणजे छत्र, गड, सावली. या प्रतिमा स्तोत्रांतही आहेत आणि अभंगांतही. त्या खऱ्याच आहेत. पण निवारा म्हटला की त्याने बाहेरचे बाहेर ठेवावे, अशी अपेक्षा मनात शिरते. माझ्या श्रद्धेने बाहेरचे काहीही बाहेर ठेवले नाही. पाणी ठेवले नाही आणि मृत्यूही ठेवला नाही. तिने मला जे दिले ते होडीच्या जवळ जाणारे होते. होडी पाणी थांबवत नाही. पाण्यावर कसे राहायचे, एवढे तिला ठाऊक असते.

वडील त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस गेले. आमच्या दफनभूमीत जागा थोडी आहे. वसईपासून मुंबईपर्यंतच्या पुष्कळ धर्मग्रामांत अशी रीत आहे की, काही वर्षांनी थडगे उघडून अस्थी कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्या मृताला देतात. दफनाच्या दिवशी तेथील सेवकाने मला हे हलक्या आवाजात सांगितले. त्या क्षणी ते क्रूर वाटले. सारे आयुष्य ज्याने एकाच मातीत काढले, त्याला मातीही कायमची नसावी? पुढे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळे गाव मेणबत्त्या आणि झेंडू घेऊन तेथे जमले. माझ्या वडिलांच्या जागेशेजारी एका मल्याळी कुटुंबाने फुले वाहिली. त्यांची लहान मुलगी गेली होती. त्यांच्याकडच्या मेणबत्त्या विझत होत्या, म्हणून मी आमच्यातली एक दिली. तेव्हा त्या रीतीचा अर्थ उलगडला. आपल्याआधी त्या जागी कोणीतरी होते आणि आपल्यानंतर कोणीतरी असेल. त्या जमिनीतही माणसे एकमेकांना जागा देतात.

मग वाडीचा प्रश्न आला. भाऊ कॅनडाहून आला. रस्त्याकडील जमिनीला चांगला भाव होता. त्याच्यावर घराचे कर्ज होते आणि त्याचे म्हणणे वाजवी होते. मला एक गुंठाही द्यायचा नव्हता. तीन आठवडे आम्ही एका घरात राहून मोजकेच बोललो. वडिलांनी मृत्युपत्रात दोघांना समान वाटा दिला होता आणि पुढचे आमच्यावर सोडले होते. मी प्रार्थना केली. उत्तर आले नाही. शेवटी एका रविवारी मिस्सेहून येताना भावाने स्वतःच विचारले, "बावखल ठेवू या का?" रस्त्याकडचा तुकडा आम्ही विकला. बावखल, विहीर आणि त्यांच्याभोवतीची केळी ठेवली. याला मी चमत्कार म्हणणार नाही. दोन भावंडांनी प्रत्येकी थोडे सोडले, इतकेच घडले. परंतु मिस्सेत एकमेकांना शांती देण्याचा एक विधी असतो. शेजारच्याकडे वळून हात जोडायचे असतात. तीन आठवडे न बोलणारी दोन माणसे एका बाकावर बसली असतील, तर त्यांनाही वळावे लागते. त्या दिवशी आम्हीही वळलो होतो.

आपण 'स्मृतिचित्रे' वाचले असेल, किंवा पुढे वाचाल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात उलटले. त्या नवऱ्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही सोवळे सांभाळून राहिल्या, जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवला आणि मगच ख्रिस्ती झाल्या. श्रद्धा वारशाने मिळत नाही, ती प्रत्येकाला आपली आपण मिळवावी लागते, हे त्यांच्या आत्मचरित्राइतके साध्या शब्दांत मराठीत क्वचितच कोणी दाखवले असेल. मी जन्माने ख्रिस्ती आहे. तरीही मला ते लागू पडते. वडिलांचा बाक मला वारशाने मिळाला. त्यावर बसून काय म्हणायचे, ते माझे मला शोधावे लागले.

आमच्याच वसईत, नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा धर्मगुरू 'हरित वसई'च्या चळवळीत विहिरी आणि झाडांसाठीही उभा राहिला होता. बायबलचे मराठी आणि विहिरीचे पाणी हे दोन विषय वेगळे नाहीत, हे मला त्यांच्यामुळे कळले. ज्या भाषेत आपण देवाशी बोलतो आणि ज्या विहिरीचे पाणी पितो, ती दोन्ही जपावी लागतात. जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. विहीर उपसली नाही तर तिचे पाणी कुजते; भाषेचेही तसेच आहे.

एज्राच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमात उद्ध्वस्त मंदिराचा नवा पाया घालतात. ज्यांनी पूर्वीचे मंदिर पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडतात. तरुण आनंदाने ओरडतात. आणि दुरून ऐकणाऱ्याला रडणे कोणते आणि जयघोष कोणता, हे ओळखता येत नाही. परतलेल्या माणसाच्या मनाचे याहून खरे वर्णन मला माहीत नाही. त्या म्हाताऱ्यांना कोणी गप्प बसा म्हटले नाही, तरुणांनाही नाही. पाया मात्र घातला गेला.

आता रविवारी मी मराठी मिस्सेला जाते आणि महिन्यातून एकदा इंग्रजी मिस्सेलाही. त्या मल्याळी कुटुंबाशेजारी बसते. विहिरीचे पाणी अजून मचूळच आहे. इमारत आहे. सातारच्या बाई आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी पाठवतात, नाताळात मी त्यांच्याकडे केकबरोबर आमच्याकडची सुकेळी पाठवते. दुःख संपले, असे मी आपल्याला सांगणार नाही. त्याला बसायला जागा मिळाली आहे.

वाचकहो, आपणही कोठून तरी परतत असाल: नोकरीतून अभ्यासाकडे, शहरातून गावाकडे, आजारातून कामाकडे, किंवा एखाद्या मृत्यूनंतर रोजच्या स्वयंपाकाकडे. परतल्यावर जे हरवलेले दिसेल, त्याची यादी जरूर करा. रडावेसे वाटले तर रडा. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला हेही लिहून ठेवा की, आपण नसताना येथे कोण राहायला आले, आणि त्यांच्यापैकी कोणाचे दार आपण अजून वाजवलेले नाही. माझ्या श्रद्धेने मला शिकवलेले इतकेच आहे. आपल्या श्रद्धेत, आपल्या ग्रंथांत, आपल्या आजीच्या ओव्यांत कदाचित तेच वेगळ्या शब्दांत असेल. ते शोधणे हाही अभ्यासच आहे, आणि त्याला परीक्षेची तारीख नाही.